गागोद्याचे विनोबा

देवळाच्या जीर्णोद्धाराची ही स्मरणिका आपल्या हाती पडेल तेव्हा कलशारोहण होऊन गेलेले असेल. स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत अशी आज्ञा समितीने केली. मी तालुक्याच्या कचेरीतला कारकून. दिवसभर अर्ज, शिक्के, उठबस चालते. पण संध्याकाळी घरच्यांनी आज काय केलेत म्हणून विचारले तर चटकन उत्तर सुचत नाही. म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या एका पुरुषाचे चरित्र सांगावेसे वाटले.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. आजोबा शंभूराव मोठे व्रतस्थ. गणेशचतुर्थीला ते घरीच मूर्ती घडवीत, मुले हाताखाली असत. इतक्या भक्तीने पुजलेली मूर्ती पुढे पाण्यात सोडून द्यायची, ही गोष्ट बाल विनायकाच्या मनात खोल गेली. आई रुक्मिणीबाई फणस पिकला की आधी शेजाऱ्यांच्या घरी गरे पाठवी आणि मग मुलांना देई.

वडील बडोद्यास नोकरीला असल्याने पुढचे शिक्षण तिकडे झाले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींची भेट झाली. १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली.

येथे एक प्रसंग मुद्दाम सांगतो. वर्ध्याजवळ नालवाडीस सूत कातून मिळेल तेवढ्या मजुरीवर जगण्याचा प्रयोग त्यांनी केला. शिकवणे, लिहिणे, आश्रमाचा कारभार हेही चालूच. १९३८ पर्यंत शरीर इतके खंगले की वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी विश्रांतीचा आग्रह धरला. थंड हवेच्या ठिकाणी न जाता ते पवनारला जमनालाल बजाजांच्या बंगल्यात जाण्यास निघाले. धाम नदी ओलांडताना त्यांनी मनातल्या मनात सगळ्या कामांचा त्याग केला. आश्रमाची चिंता नाही, संस्थेची नाही. रोज थोडे खणायचे आणि मन रिकामे ठेवायचे. काही महिन्यांत प्रकृती सुधारली. वास्तविक तोवरची सारी कामे चांगलीच होती. चांगली कामे सोडणे फार कठीण, वाईट कामे तर कोणीही सोडील!

१९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून त्यांची निवड झाली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीला भूमिहीन हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. मग तेरा वर्षे हा कृश म्हातारा पहाटे तीनला उठून चालू लागे. वाटेत शेकडो कामे आली असतील, पण रोज मागणे एकच, जमीन. चाळीस लाख एकरांहून अधिक भूमी दान म्हणून मिळाली.

आता आमच्या खात्यातली गोष्ट. दान एका सभेत होते, फेरफार मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो. पुष्कळ जमीन खडकाळ वा वादातली निघाली आणि वाटप अपुरे राहिले. विनोबा पुढच्या गावी गेले तरी मागे कागद पुरे करणारी माणसे हवी होती, असे माझे मत आहे. देणगीदारांनी आपल्या पावत्या जरूर जपून ठेवाव्यात!

७ जून १९६६ रोजी, गांधीभेटीस बरोबर पन्नास वर्षे झाली तेव्हा, त्यांनी बाह्य कामांतून मन काढून घेतले. १९७० मध्ये पवनार न सोडण्याचा क्षेत्रसंन्यास घेतला. ज्याने अवघा देश पायी तुडवला तो एका टेकडीवर स्थिर झाला. २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळले. त्याच काळात आणीबाणी आली, त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, आणि त्याबद्दल आजही दोन मते आहेत.

नोव्हेंबर १९८२ मध्ये आजार बळावला तेव्हा त्यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले. मोठमोठी माणसे विनवण्या करून गेली. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारलाच त्यांनी देह ठेवला. ज्या धाम नदीवर चव्वेचाळीस वर्षांपूर्वी सगळे ओझे उतरवले होते, तिच्याच काठी त्यांना अग्नी दिला गेला.