रबरी हातमोजे

आज जखमेला हात लावण्यापूर्वी डॉक्टर आणि परिचारिका पातळ रबरी हातमोजे घालतात. त्यात आपल्याला काही नवल वाटत नाही. पण दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठे शल्यचिकित्सकदेखील उघड्या हातांनीच शस्त्रक्रिया करीत असत. हातमोज्यांची ही पद्धत ज्यांच्यामुळे रूढ झाली, ते अमेरिकेतील डॉक्टर म्हणजे विल्यम हॉलस्टेड.

हॉलस्टेड यांचा जन्म १८५२ साली न्यूयॉर्क येथे एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी झाला. लहानपणी अभ्यासापेक्षा खेळांकडेच त्यांचा ओढा अधिक होता. पुढे वैद्यकाची गोडी लागली आणि १८७७ साली ते डॉक्टर झाले. जंतूंमुळे जखमा चिघळतात, हे डॉ. लिस्टर यांनी १८६७ साली सांगितले होते. पुष्कळ डॉक्टरांना ते पटत नव्हते, हॉलस्टेडना पटले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात स्वच्छ खोली मिळेना, म्हणून त्यांनी पैसे जमवून आवारात चक्क तंबू उभारला आणि त्यात शस्त्रक्रिया केल्या.

मग एक मोठे संकट आले. शरीराचा भाग बधिर करण्यासाठी कोकेनचा उपयोग होतो का, हे त्यांनी स्वतःवर प्रयोग करून पाहिले. प्रयोग यशस्वी झाला, पण त्यांना व्यसन जडले. हाती आलेले नाव आणि काम दोन्ही गेले. अशा वेळी डॉ. वेल्च या मित्राने त्यांना बाल्टिमोरला बोलावले. तेथे १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले आणि हॉलस्टेड तेथे शल्यचिकित्सक झाले. व्यसनाने मात्र त्यांची पाठ पुढेही पुरती सोडली नाही.

त्यांच्या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका होत्या कॅरोलाइन हॅम्प्टन. जंतू मारण्यासाठी तेथे पाऱ्यापासून केलेले एक जहाल औषध पाण्यात मिसळून हात धुण्यासाठी वापरीत. त्यामुळे कॅरोलाइन यांच्या हातांची कातडी सोलवटून निघू लागली. काम सोडावे, अशी वेळ आली. हॉलस्टेड यांनी त्यांच्या हातांचे प्लॅस्टरचे साचे घेतले, गुडइयर रबर कंपनीकडे पाठवले आणि पातळ मोजे करवून घेतले. कॅरोलाइन यांचे हात वाचले. १८९० साली दोघांचे लग्न झाले, हेही सांगायला हवे.

तेव्हा हे मोजे होते ते परिचारिकेच्या आणि मदतनिसांच्या हातांसाठी. रोग्याचा विचार त्यांत नव्हता! स्वतः हॉलस्टेड तर बऱ्याचदा ते घालीतही नसत. त्यांचे शिष्य डॉ. ब्लडगुड यांनी १८९६ पासून प्रत्येक शस्त्रक्रियेत मोजे वापरण्यास सुरुवात केली. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियांचा हिशेब त्यांनी १८९९ साली मांडला. मोज्यांशिवाय शंभरांतील सुमारे सतरा रोग्यांच्या जखमा चिघळत होत्या. मोजे घातल्यावर हे प्रमाण दोनवर आले. इतकी वर्षे मोजे डोळ्यांसमोर असून आपल्याला हे कसे दिसले नाही, याचे हॉलस्टेडना पुढे फार आश्चर्य वाटले, आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहूनही ठेवले.

१९२२ साली पित्ताशयाच्या विकाराने हॉलस्टेड यांचे निधन झाले. त्यांच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी होते. त्याच वर्षी, तीन महिन्यांच्या आत, कॅरोलाइनही वारल्या.