गिटारवाल्याचं हेलिकॉप्टर



होस्टेलवरच्या गिटारवाल्यांना गोल पाठीची ‘ओव्हेशन’ गिटार माहीत असेलच. ती आणणारे चार्ल्स कमॅन मुळात एरोनॉटिकल इंजिनीअर, हे मला सेमिनारची तयारी करताना कळलं.

जन्म 1919, वॉशिंग्टन. 1945 मध्ये त्यांनी आईच्या गॅरेजमध्ये, 2 हजार डॉलरवर कंपनी काढली. त्यांच्या हेलिकॉप्टरला शेपटीवर पंखाच नाही. वर एकमेकांत गुंतून उलटसुलट फिरणारे दोन रोटर. म्हणून इंजिनाची सगळी ताकद वजन उचलायला मिळते. पायलटशिवाय उडणारं हेलिकॉप्टरही त्यांनी 1950 च्या दशकातच करून दाखवलं.

पुढे अफगाणिस्तानात हेलमंडच्या आडबाजूच्या चौक्यांकडे रसद नेणारे अमेरिकन ट्रक वाटेतच सुरुंगांनी उडायचे. डिसेंबर 2011 पासून कमॅन कंपनीचं के-मॅक्स पायलटशिवाय माल टाकू लागलं. 2014 पर्यंत 2 हजार टनांहून जास्त!

ते बघायला कमॅन नव्हते. 2011 च्या जानेवारीतच ते गेले होते.

सेमिनारला मार्क बेताचेच पडले. पण के-मॅक्सच्या प्रत्येक फेरीमागे कुणीतरी ड्रायव्हर त्या रस्त्यावर गेला नाही, हे गणित मात्र मला पक्कं समजलं.