सुकुमार सेन: मतदार यादीत बाईचे स्वतःचे नाव हवे, असा आग्रह धरणारा अधिकारी

आपल्या घरातल्या दादी-नानीचे खरे नाव काय होते, असे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना चटकन सांगता येईल? मोहल्ल्यात ती कुणाची तरी अम्मी असते, कुणाची तरी बीवी असते. ही गोष्ट एकट्या आपल्या समाजाची नाही, साऱ्या देशाची होती. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक घ्यायला निघालेल्या माणसासमोर हाच प्रश्न लाखोंच्या संख्येने उभा राहिला. त्या माणसाचे नाव सुकुमार सेन. आज ते फारसे कुणाला आठवत नाही. पण आपण बोटाला शाई लावून घेतो, त्यामागे त्यांची मेहनत आहे.

सेन बंगालचे. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि नंतर लंडनला शिकले. गणितात हुशार, सुवर्णपदक मिळवलेले. १९२१ मध्ये ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये आले. अनेक जिल्ह्यांत काम केले, न्यायाधीश म्हणूनही बसले आणि पुढे पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. मार्च १९५० मध्ये त्यांना देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त नेमण्यात आले. पंतप्रधान नेहरूंना निवडणूक लवकर हवी होती. सेन यांनी मात्र घाई केली नाही. तयारी पूर्ण झाल्याशिवाय मतदान नाही, हे त्यांचे गणित होते.

तयारी तरी केवढी! मतदार १७ कोटींहून जास्त. शंभरातल्या ८५ जणांना वाचता येत नव्हते. वाचता न येणाऱ्याने मत द्यायचे कसे? मग प्रत्येक उमेदवाराला एक चिन्ह दिले आणि प्रत्येकाची पेटी वेगळी ठेवली. पेटीवर चिन्ह चिकटवलेले. मतदाराने आत जायचे, आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची, झाले. त्याने कुणाला मत दिले हे कुणाला कळायचे नाही.

या कामात महाराष्ट्राचाही हात होता. मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या. देशभर वीस लाखांहून जास्त पोलादी पेट्या लागल्या. त्यातल्या बारा लाखांहून अधिक मुंबईच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. एकाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला न पुसणारी शाई आली. या शाईवरचे सुरुवातीचे काम डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी या शास्त्रज्ञाने केले होते, असे सांगितले जाते.

पण पेटी आणि शाई आपोआप काम करत नाहीत. त्या हाताळणारी माणसे तयार करावी लागतात. सुमारे ५६ हजार मतदान केंद्राध्यक्ष आणि त्यांच्या मदतीला २ लाख ८० हजार कर्मचारी नेमले गेले. यातल्या कुणीच याआधी एवढी मोठी निवडणूक पाहिली नव्हती. त्यांना नियम शिकवले. पेटी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर रिकामी दाखवायची, मग सील करायची, पडद्यात राहणाऱ्या बायकांची सोय कशी करायची, सगळे. ठिकठिकाणी खोट्या निवडणुकीची रंगीत तालीम घेतली. लोकांसाठी सिनेमागृहांत माहितीपट दाखवले, रेडिओवरून समजावून सांगितले. कर्मचारी शिकलेला नसेल तर साधा माणूसच भरडला जातो, हे सेन यांना पक्के ठाऊक होते.

सगळ्यात कठीण काम मतदार याद्यांचे. त्या टाइप करायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांसाठी घेतले गेले. नावे गोळा करायला माणसे घरोघर गेली, तेव्हा अनेक बायकांनी आपले नाव सांगायलाच नकार दिला. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढेच लिहा म्हणाल्या. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, ही रीत हिंदू-मुसलमान दोघांच्याही घरांत होती.

सेन यांच्यापुढे सोपा रस्ता होता. तशीच नोंद चालू द्यायची. कुणी तक्रार केली नसती. पण अशा नोंदीवर उद्या कुणीही येऊन मत टाकून गेले असते आणि बाईला स्वतःची ओळख कधीच मिळाली नसती. त्यांनी खरे नाव मागितले. काही ठिकाणी दुरुस्तीसाठी मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावे शेवटी यादीतून वगळावी लागली.

हा निर्णय बरोबर की चूक? आमच्या मते, सिद्धांत बरोबर होता, पण किंमत त्या बायकांनी मोजली. विशेष हे की सेन यांनी ही गोष्ट झाकली नाही. निवडणुकीनंतर जो सविस्तर अहवाल निघाला, त्यात हा आकडा आणि त्यामागचे कारण उघडपणे लिहिले आहे. अधिकारी आपल्या यशाचे आकडे हौसेने छापतात. जे राहून गेले, त्यांचाही हिशेब देणे, याला पारदर्शकता म्हणतात.

ऑक्टोबर १९५१ मध्ये हिमाचलच्या चिनी तालुक्यात पहिली मते पडली, कारण पुढे बर्फाने रस्ते बंद होणार होते. फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशभरचे मतदान आटोपले. सुमारे ४५ टक्के लोकांनी मत दिले. हे चालणार नाही म्हणणारे गप्प झाले. वापरलेल्या पेट्या सेन यांनी जपून ठेवल्या आणि १९५७ च्या निवडणुकीत पुन्हा काढल्या. सरकारचे कोट्यवधी रुपये वाचले.

त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. १९५३ मध्ये सुदानला पहिली संसद निवडायची होती. देशावर ब्रिटन आणि इजिप्तचा ताबा, दोघांचा एकमेकांवर भरवसा नाही. मग सात जणांचा आयोग झाला: तीन सुदानी, एक इजिप्शियन, एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि अध्यक्ष म्हणून भारताचे सेन. मुस्लिमबहुल सुदानने आपल्या पहिल्या संसदेसाठीचे मतदान एका भारतीयाच्या देखरेखीखाली केले. त्यातून इस्माईल अल-अझहरी यांचे सरकार आले आणि १ जानेवारी १९५६ रोजी सुदान स्वतंत्र झाला.

१९५४ मध्ये सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९५८ च्या अखेरीस ते पदावरून उतरले, नंतर बर्दवान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. आत्मचरित्र त्यांनी लिहिले नाही. आपले मोठेपण सांगत बसायची त्यांना सवय नसावी.

आपण त्यांच्याकडून काय घ्यायचे? यादी उघडी असते, ती आपल्याला पाहता यावी म्हणूनच. तेव्हा आज घरी बसून एवढे करा. अम्मी, बहीण, सून, सगळ्यांची नावे यादीत तपासा. 'शेख'चे 'शेक' झाले असेल, 'बी'च्या जागी 'बानो' पडले असेल, वडिलांचे नाव चुकले असेल, तर आठ नंबरचा फॉर्म भरा. नाव नसेलच तर सहा नंबरचा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग होत नाही. त्या २८ लाख बायकांना दुसरी संधी १९५७ मध्ये मिळाली. पाच वर्षे थांबायची वेळ आपल्या घरातल्या कुणावर येऊ नये.