डॉ. होमी भाभा : विश्वकिरणांपासून तुर्भ्याच्या अणुभट्टीपर्यंत



सुरतेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना काक्रापार आणि हजीरा ही नावे चांगली परिचयाची आहेत. तापीच्या वरच्या अंगाला काक्रापारचे अणुवीज केंद्र आहे आणि नदीच्या मुखाजवळ हजीरा येथे जड पाणी तयार करणारा कारखाना आहे. काक्रापारचा पहिला संच १९९३ मध्ये सुरू झाला. तेथील ७०० मेगावॅटचे दोन मोठे संच आपल्याच देशात आखलेले व बांधलेले आहेत. या साऱ्या कामाचा पाया ज्यांनी घातला त्या डॉ. होमी जहांगीर भाभा यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुशिक्षित पारशी घराण्यात झाला. टाटा घराण्याशी त्यांचे नाते होते. मुलाने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची इच्छा होती. १९२७ मध्ये होमी केंब्रिजला गेले. पण तेथे त्यांचे मन भौतिकशास्त्र आणि गणिताकडे ओढ घेऊ लागले. तसे त्यांनी वडिलांना कळवले. वडिलांनी एकच अट घातली. आधी इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हायची, मग हवे ते शिकायचे. १९३० मध्ये होमींनी ती अट पुरी केली आणि वडिलांनीही शब्द पाळला. आमच्या पालकवर्गाने हा प्रसंग जरूर ध्यानात ठेवावा. दोघांपैकी एकानेही हट्ट धरला असता, तर पुढची कथा वेगळीच झाली असती.

पुढे भाभांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. हे किरण म्हणजे अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे सूक्ष्म कण. एक कण वातावरणात शिरला की त्यापासून कणांचा वर्षाव कसा होतो, याचा सिद्धांत भाभा आणि हाइटलर यांनी १९३७ मध्ये मांडला. १९३९ मध्ये भाभा सुट्टीसाठी मायदेशी आले. तेवढ्यात महायुद्ध पेटले आणि परतीचा मार्ग बंद झाला. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागले. युद्धानंतर परदेशी जाणे त्यांना सहज शक्य होते. पण येथेच राहून तशी संस्था उभारावी, असे त्यांनी ठरवले. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग आला व भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

४ ऑगस्ट १९५६ रोजी मुंबईजवळ तुर्भे येथे 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन इंग्लंडहून आले होते, बाकीची बांधणी मात्र येथल्या माणसांनी केली. अप्सरेमुळे किरणोत्सारी समस्थानिके देशातच तयार होऊ लागली. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले अणू. थायरॉइडच्या रोगांवर वापरले जाणारे आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मे होते. ते दूर देशाहून मागवायचे तर बरेचसे वाटेतच संपते. रुग्णाला ते वेळेवर मिळायचे असेल, तर ते जवळच तयार झाले पाहिजे. तुर्भ्याच्या अणुभट्टीचे महत्त्व यावरून समजते.

मात्र अणुभट्टीत सगळीच समस्थानिके होत नाहीत. टायटेनियम-४४ चे उदाहरण घेऊ. टायटेनियम हा विमानांत आणि हाडे जोडण्याच्या पट्ट्यांत वापरला जाणारा हलका, बळकट धातू. त्याचे स्थिर अणू ४६ ते ५० या वजनाचे असतात. अणुभट्टीतील न्यूट्रॉन शोषून अणू जड होतो, त्यामुळे ४६ पासून ४४ कडे या वाटेने जाता येत नाही. त्यासाठी वेगवर्धक यंत्रातून प्रोटॉनांचा मारा स्कँडियम-४५ वर करतात. अणूत एक प्रोटॉन शिरतो, दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि टायटेनियम-४४ उरते. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६० वर्षे आहे. त्यापासून स्कँडियम-४४ होते. तेही सुमारे चार तासांत निम्मे होऊन स्थिर कॅल्शियम-४४ बनते. हे स्कँडियम रोगनिदानाच्या चित्रणासाठी उपयोगी पडावे, म्हणून शास्त्रज्ञ प्रयत्न करीत आहेत. गायीचे दूध पुन्हा पुन्हा काढावे, तसे टायटेनियमच्या एकाच साठ्यातून ते अनेक वर्षे काढता येते.

निसर्गात टायटेनियम-४४ ताऱ्यांच्या स्फोटात तयार होते. विश्वकिरणांच्या माऱ्याने अवकाशातील उल्कापाषाणांतही ते थोडे तयार होते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतील आणि इटलीतील शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर पडलेल्या उल्कापाषाणांतील हे अणू मोजले व त्यावरून गेल्या काही शतकांत सूर्य किती चंचल वा शांत होता, याचा अंदाज बांधला. भाभा ज्या विश्वकिरणांच्या मागे लागले होते, त्यांच्याच खुणा आपल्या गुजरातेत वाचल्या गेल्या.

भाभा केवळ शास्त्रज्ञ नव्हते. ते चित्रे काढत आणि पाश्चात्त्य संगीताचे मर्मज्ञ होते. बांधकामाच्या आड येणारी झाडे तोडण्याऐवजी ती मुळासकट दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय उपयोगावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जात असताना त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लां पर्वतावर कोसळले आणि ते आपल्यातून गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे ५६ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांनी तयार केलेल्या माणसांनी काम थांबू दिले नाही, हेच त्यांचे खरे स्मारक होय.

जाता जाता वरच्या वर्गांसाठी एक गणित. भाभा गेले त्या वर्षी कोणी १६ मिलिग्रॅम टायटेनियम-४४ जपून ठेवले असते, तर २०२६ मध्ये त्यातले किती उरेल? आणि २०८६ मध्ये किती? उत्तर काढून आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवावे.