कपभर चहा, तीन ओळी आणि मांजर

थर्ड इयरच्या पी.एल.मधली गोष्ट. होस्टेलवर माझ्या कॉटखाली ड्रॉइंग शीट्स ठेवायचं एक खोकं होतं. त्यात एका मांजरीने तीन पिल्लं घातली. रूम पार्टनरने तिच्या अंगाखालून मशीन डिझाइनच्या नोट्स काढायचा प्रयत्न केला आणि हातावर ओरखडा घेऊन परत आला. पेपर चार दिवसांवर. आम्ही दोघंही अभ्यास सोडून पिल्लांकडे बघत बसलेलो. त्या रात्री मी जर्नलच्या मागच्या पानावर तीन ओळी खरडल्या. पार्टनरने त्या वाचल्या आणि मांजरावर लिहिण्यासारखं असतं तरी काय, असं विचारून तो झोपी गेला.

प्रश्न मात्र मला झोपू देईना. हायकू हा प्रकार मला ऐकून माहीत होता. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. तीन छोट्या ओळी, एक क्षण, संपलं. मूळ जपानी हायकूला नियम जास्त आहेत. 5-7-5 असे सतरा ध्वनी आणि त्यात ऋतू सुचवणारा एक शब्द. आपल्या भाषेत सांगायचं तर कन्स्ट्रेंट्स एकदम कडक, टॉलरन्स जवळपास शून्य. पेपर संपल्यावर लायब्ररीत गेलो (हो, पेपर संपल्यावर!) आणि तिथे मला इस्सा भेटला.

कोबायाशी इस्सा. 'इस्सा' हे त्याने स्वतः घेतलेलं नाव. अर्थ, एक चहा. म्हणजे आपल्या कँटीनच्या भाषेत 'एक कटिंग' असं टोपणनाव घेण्यासारखंच! जपानी हायकूत बाशो, बुसोन आणि इस्सा ही नावं एका दमात घेतली जातात. बाशोचे हायकू हजाराच्या आसपास, इस्साचे वीस हजारांच्या घरात. त्यातले तीनशेहून अधिक नुसते मांजरांवर. बाकी बेडूक, चिमण्या, माश्या, पिसवा, उवा, शेजारपाजार, जेवणखाण, पोरंबाळं. बाशो वाचताना मी जरा सरळ होऊन बसतो. इस्सा वाचताना पाय पसरून बसावंसं वाटतं. (हायकू हा शब्दसुद्धा इस्साच्या वेळी रूढ नव्हता. तो मासाओका शिकीने पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केला. असो.)

मांजरांवर तीनशे कविता लिहिणारा माणूस सुखी, भरल्या घरातला असणार, असं मी आपलं गृहीत धरलं होतं. तो अंदाज साफ चुकला.

जन्म 1763 चा. शिनानो प्रांतातलं काशिवाबारा हे डोंगराळ, प्रचंड बर्फ पडणारं गाव, आजच्या नागानो जिल्ह्यात. घर शेतकऱ्याचं. तिसऱ्या वर्षी आई गेली. (ही वयं तिकडच्या जुन्या हिशोबाने. मूल जन्मताच एक वर्षाचं धरायचे.) आजीने सांभाळलं. आठव्या वर्षी सावत्र आई आली, पाठोपाठ सावत्र भाऊ झाला आणि घरात कुरबुरी सुरू झाल्या. चौदाव्या वर्षी आजी गेली. मधे पडणारं माणूसच उरलं नाही म्हटल्यावर बापाने पुढच्या वर्षी पोराला एडोला, म्हणजे आजच्या तोक्योला, कामाला धाडलं. थोरला मुलगा, पण घराबाहेर. आपण सी.ओ.ई.पी. नाहीतर व्ही.जे.टी.आय. मिळालं नाही म्हणून रडलो, त्याच वयाच्या आगेमागे.

एडोत त्याने हायकूचं शिक्षण घेतलं, गुरू केला, मग पश्चिम जपानात पायी हिंडला. 1801 मध्ये गावी आलेला असताना वडील तापाने अंथरुणाला खिळले. इस्साने त्यांची शुश्रूषा केली आणि त्या दिवसांची रोजनिशी लिहिली. कविता म्हणून नाही, रोज काय घडलं ते. वडिलांनी जाताना दोन्ही भावांना निम्मं-निम्मं वाटून दिलं होतं. सावत्र आई आणि भाऊ ऐकेनात.

आता इथे इस्साची बाजू घ्यायचा मोह होतो. पण तो एडोत असताना शेतात राबले ते सावत्र आई आणि भाऊच. जमीन त्यांनी वाढवली होती. त्यांचंही काही म्हणणं असणारच की. आणि इस्साही काही साधुसंत नव्हता. हक्कासाठी तो बारा वर्षं चिवटपणे भांडला. अखेर 1813 मध्ये गावच्या देवळातल्या पुजाऱ्याच्या मध्यस्थीने तोड निघाली आणि राहतं घर मधोमध विभागलं गेलं. एका भागात हा, दुसऱ्या भागात ते.

हे पान वाचून मी पुस्तक मिटलं होतं. कारण आमच्या गावच्या घरातही अशी भिंत आहे. माजघराच्या बरोबर मधे, बिनगिलाव्याच्या विटांची. अलीकडे आम्ही, पलीकडे काका. सातबारा वेगळे झाले, त्याआधीच बोलणं बंद झालं होतं. मला वाटायचं भाऊबंदकी म्हणजे खास आपल्याकडचा माल. तर तीच भिंत दोनशे वर्षांपूर्वी जपानमध्ये!

त्या अर्ध्या घरात इस्सा राहिला आणि 1814 मध्ये त्याने लग्न केलं. तो बावन्न, किकू अठ्ठावीस. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं घर, स्वतःची चूल. या काळातली त्याची रोजनिशी म्हणजे अस्सल डेटा लॉग आहे. हवामान, कुठे गेलो, कोण आलं, आज काय सुचलं. शिवाय नवरा-बायकोच्या अशाही नोंदी, ज्या आपल्या संपादक सरांच्या हातून छापल्या जाणार नाहीत! मांजराची जांभई आणि बायकोशी झालेली कुरबुर यांना त्याच्याकडे सारखाच मान. वसंतात रात्र रात्र ओरडणाऱ्या मांजरांचं प्रेम हा जपानी कवितेत ठरलेला ऋतुविषय, तो बाशोनेही हाताळला. पण इस्साची मांजरं नुसता ऋतू सांगायला येत नाहीत. ती घरच्यासारखी वावरतात, हा त्यांच्याशी बोलतो, चेष्टा करतो. भाषाही रोजच्या बोलण्यातली, गावरान.

आणि मग मुलं. 1816 मध्ये पहिला मुलगा झाला, महिनाभरात गेला. 1818 मध्ये मुलगी झाली, सातो. शहाणी होवो म्हणून ते नाव. 'ओरा गा हारू' म्हणजे 'माझा वसंत' या पुस्तकात इस्साने तिच्याबद्दल लिहिलंय. यातला 'माझा'सुद्धा खेडवळ बोलीतला आहे. दुसऱ्या पोराच्या हातातलं भिरभिरं हिला हवं झालं, म्हणून दिलं. हिने ते तोंडात घातलं, चावलं, फेकलं. मग वाडगा फोडला. मग दाराचा पातळ कागद टराटरा फाडला, आणि बाप शाबासकी देतोय! भुभू कुठे विचारलं की कुत्र्याकडे बोट, कावकाव कुठे विचारलं की कावळ्याकडे. एखाद्या बापाने आपल्या लेकीबद्दल इतकं बारीक लिहिलेलं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही.

1819 च्या उन्हाळ्यात तिला देवी आल्या. फोड सुकले, खपल्या पडायला लागल्या, तेव्हा घरच्यांनी गवताची चकती करून तिच्यावर ऊन पाणी शिंपडलं आणि रोगाच्या देवाची पाठवणी केली. आपल्याकडेही या रोगाला देवी म्हणून पुजायचेच. पण पोर खंगत गेली आणि गेली. वर्षाच्या थोडी पुढे होती.

इथे मला एक तारीख टोचते. जेन्नरने लसीचा प्रयोग केला 1796 मध्ये. ती लस 1802 साली मुंबईत पोचली. 14 जूनला अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. जपानने तेव्हा परदेशांशी व्यवहार जवळपास बंद ठेवला होता. तिथे ती लस यशस्वीपणे पोचली 1849 मध्ये. म्हणजे सातो गेली तेव्हा उपाय सापडून तेवीस वर्षं झाली होती. नुसता गावापर्यंत आला नव्हता. टेक्नॉलॉजी ट्रान्सफर हा शब्द आपण एच.आर.समोर फार सहज वापरतो.

तिच्या जाण्यावर त्याने जे लिहिलं, ते हायकूतलं सर्वांत प्रसिद्ध दुःख असेल. त्या ओळी इथे उतरवत नाही, दोन भाषांतरं ओलांडून येताना त्यातलं पाणी उडून जातं. एवढंच सांगतो, की तो श्रद्धाळू बौद्ध होता, जग क्षणभंगुर आहे हे त्याला मान्य होतं आणि तरीही त्याचं मन तिथे थांबायला तयार झालं नाही.

पुढचं भराभर सांगतो, कारण रेंगाळवत नाही. 1820 मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला, त्यातून सावरला. त्याच वर्षी मुलगा झाला. दगडासारखा टिकावा म्हणून नाव ठेवलं इशितारो. 'इशि' म्हणजे दगड. 1821 च्या सुरुवातीला तो आईच्या पाठीवर बांधलेला असतानाच गुदमरून गेला. इस्साने याचा दोष किकूला दिला, तोही लेखी. मला हा इस्सा आवडत नाही, पण तोही तोच माणूस. 1822 मध्ये आणखी एक मुलगा. 1823 मध्ये किकू गेली आणि त्याच वर्षी ते मूलही. दुसरं लग्न काही आठवड्यांत मोडलं. तिसरं 1826 मध्ये, याओशी.

आणि या सगळ्या काळात माश्या, बेडूक, मांजरं चालूच! माझ्या पार्टनरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, की हा पळपुटेपणा आहे. मला तसं वाटत नाही. ज्याच्या घरातलं माणूस उद्या असेलच याची खात्री नाही, तो आज अंगणात काय चाललंय ते लिहून ठेवणारच. फाटलेला कागद लिहून ठेवला म्हणून सातो आहे. नाहीतर गावच्या नोंदीत फक्त एक ओळ.

1827 मध्ये गावात मोठी आग लागली, घर जळालं. मागे मातीच्या भिंतींचं कोठार उरलं, त्यात इस्सा आणि याओ राहायला गेले. तिथेच, आपल्या कॅलेंडरने 5 जानेवारी 1828 ला, तो गेला. याओ तेव्हा गरोदर होती. नंतर मुलगी झाली, याता. ती जगली, मोठी झाली, वंश तिने चालवला. बापाने तिच्यावर एकही ओळ लिहिलेली नाही. ते कोठार आजही गावात जपून ठेवलंय.

पी.एल.मधल्या पिल्लांपैकी एक मी सुट्टीत पिशवीत घालून एस.टी.ने गावी नेलं. पहिल्याच रात्री ते आढ्यावरून भिंत ओलांडून पलीकडे गेलं. सकाळी काकू त्याला पदरात धरून आमच्या दारात उभी, हे तुमचं का म्हणून विचारत. चार वर्षांनी. आई काहीच बोलली नाही, नुसता चहा टाकला. मी आत जाऊन तीन ओळी लिहायला बसलो. अजून जमलेल्या नाहीत.