नळदुर्गचे टेलर साहेब कोण होते? गोऱ्यांमधल्या उतरंडीची ही गोष्ट वाचा

पावसाळ्यात नळदुर्गचा पाणीमहाल पाहायला झुंबड उडते. याच नळदुर्गातून १८५३ ते १८५७ या काळात एक इंग्रज अधिकारी जिल्ह्याचा कारभार पाहत होता. त्यांचे नाव फिलिप मेडोज टेलर.

मुंबईत फसलेली सुरुवात
टेलर यांचा जन्म १८०८ मध्ये लिव्हरपूलला झाला. वडिलांचा व्यापार बुडाल्याने पंधराव्या वर्षीच, १८२४ मध्ये, ते नोकरीसाठी मुंबईत आले. ज्या पेढीत भागीदारीचे आमिष होते, ती पोकळ निघाली. मग एका नातलगाच्या ओळखीने हैदराबादच्या निजामाच्या फौजेत जागा मिळाली.

गोरे, तरी दुय्यम
इथेच उतरंड सुरू होते. टेलर यांची नेमणूक ईस्ट इंडिया कंपनीची नव्हती. त्यामुळे रयतेसाठी साहेब असले, तरी कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या लेखी त्यांचा दर्जा खालचा होता.

त्यांच्या सासरची कथा आणखी बोलकी आहे. पत्नी मेरी ही हैदराबादचे सावकार विल्यम पामर यांची मुलगी. पामर यांचे वडील इंग्रज सेनाधिकारी, तर आई फैज बख्श या भारतीय मुस्लिम घराण्यातल्या. १७९१ मध्ये कंपनीने भारतीय आईच्या किंवा वडिलांच्या मुलांना आपल्या मुलकी आणि लष्करी नोकरीचे दार बंद केले. पामर यांनीही निजामाचीच फौज गाठली आणि पुढे पेढी काढली.

तेव्हा अमेरिकेत काय चालले होते?
टेलर यांच्या जन्मगावातूनच, लिव्हरपूल बंदरातून, १८४५ नंतरच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक जहाजाने अमेरिकेला निघाले. तिथे १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त गोऱ्या परदेशीयांना मिळे. आयरिश कायद्याने गोरेच होते. पण बहुतेक जण गरीब आणि कॅथलिक असल्याने प्रोटेस्टंट समाज त्यांना हलके लेखत असे. टेलर नळदुर्गला होते, त्याच वर्षांत तिथे 'नो नथिंग' पक्ष जोरात होता. परदेशातून आलेल्यांनी नागरिकत्वासाठी २१ वर्षे थांबावे, अशी त्याची मागणी होती.

म्हणजे रंग एकच, पण किंमत वेगळी. अमेरिकेत ती पंथाने आणि गरिबीने ठरली, हैदराबादेत नोकरीच्या शिक्क्याने आणि आईच्या कुळाने.

धाराशिवशी नाते
निजामाने १८५३ च्या तहात इंग्रजांकडे सोपवलेल्या मुलखात नळदुर्ग होता. टेलर तिथले पहिले इंग्रज अधिकारी. सारा ठरवण्यासाठी त्यांनी जमीन मोजणीचे काम हाती घेतले. १८५७ च्या उठावात त्यांना वऱ्हाडात धाडण्यात आले. १८६० मध्ये हा जिल्हा पुन्हा निजामाकडे गेला आणि त्याच वर्षी टेलर मायदेशी परतले.

ठगांवरच्या १८३९ मधील कादंबरीने ते आधीच गाजले होते. १८६३ मध्ये 'तारा' आली. तिची नायिका तुळजापूरच्या ब्राह्मण घरातली आहे. १८७६ मध्ये फ्रान्समधील मांतों येथे त्यांचे निधन झाले. तुळजाभवानीचे गाव मात्र त्यांच्या कादंबरीतून तोवर इंग्लंडच्या वाचकांपर्यंत पोहोचले होते.