ताऱ्यांचा अभ्यासक, सैन्याचा सल्लागार

डीआरडीओ म्हटलं की अग्नी, पृथ्वी आणि कलाम सर आठवतात. पण या संस्थेचा पाया घातला तो फिजिक्सच्या एका प्राध्यापकानं. त्यांचं नाव डॉ. दौलतसिंह कोठारी.

१९०६ मध्ये उदयपूरला जन्मलेले कोठारी अलाहाबादला मेघनाद साहांचे विद्यार्थी. पुढे केंब्रिजला जाऊन आले आणि दिल्ली विद्यापीठात शिकवू लागले. संशोधनाचा विषय काय, तर श्वेतबटू तारे आणि त्यांच्या पोटातला प्रचंड दाब!

१९४८ मध्ये सरकारनं या माणसाला संरक्षणमंत्र्यांचा वैज्ञानिक सल्लागार नेमलं. तेव्हा आपली बहुतेक शस्त्रं परदेशी होती. ती नुसती विकत घेऊन चालणार नाही, त्यामागचं विज्ञान जाणणारी माणसं इथेच घडायला हवीत, हे कोठारींनी ओळखलं. १९५२ मध्ये पुण्यात खडकीला शस्त्रास्त्रांचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. तोफगोळ्याच्या गणितासोबत जवानाचं खाणं आणि मानसशास्त्र हेही संशोधनाचे विषय ठरले. १९५८ मध्ये डीआरडीओ उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे जेमतेम दहा प्रयोगशाळा होत्या.

शस्त्रांच्या संशोधनाची धुरा वाहणाऱ्या याच माणसानं अणुस्फोट किती संहारक असतो, हे सांगणारं पुस्तकही सिद्ध केलं. शस्त्राची ताकद जाणणाऱ्यानं त्याचा धोकाही सांगायला हवा ना!

१९६१ मध्ये ते यूजीसीचे अध्यक्ष झाले. १९९३ मध्ये त्यांचं निधन झालं. दहावी, मग बारावी, मग तीन वर्षांची डिग्री ही तुम्ही चढलेली शिडीसुद्धा कोठारी आयोगाचीच शिफारस!